आरशाची कड

बारकीला बारकी म्हणण्यात आता काडीचाही अर्थ उरला नव्हता. सत्तेचाळीस वर्षांची बाई, कानांवरचे केस पिकलेले, जिना चढताना दोनदा थांबून श्वास घेणारी. पण मास्तरांनी एकदा नाव ठेवलं की ती दगडावरची रेघ. एकविसाव्या वर्षी ती त्यांच्याकडे दुर्बिणीचे आरसे घासायला शिकायला आली, तेव्हा जमलेल्या सात जणांत सगळ्यात किडकिडीत होती, म्हणून बारकी. ते बाकीचे सहा कुठल्या कुठे पांगले. नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच. चष्म्याच्या ज्या दुकानात ती मागच्या खोलीत बसून भिंगं घासते, तिथला मालकसुद्धा तिला बारकीच म्हणतो.

आज दुपारी तिने मास्तरांच्या दुर्बिणीतला आरसा बाहेर काढला. आठ इंच रुंद, सव्वा इंच जाड, चांगला वजनदार. मागच्या खोलीत लाकडी घोडीवर तो उभा केला आणि चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"किती वाजले?" मास्तरांनी विचारलं. ते भिंतीला लावलेल्या खुर्चीत काठी धरून बसले होते.

"दोन दहा."

"म्हणजे चार दहा. तोवर पात्याला डोळा लावायचा नाही. तूही नाही, मीही नाही."

"माहितीये मास्तर."

"माहिती असतं सगळ्यांना," मास्तर म्हणाले.

आरसे बनवणाऱ्यांचा हा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला मास्तर पूर्वी खोलीबाहेर काढत. काचेला हात लागला की ती ऊब धरते, आणि ऊब धरली की फुगते. किती? केसाच्या जाडीचा हजारावा भाग म्हणा. तेवढ्याने जगात कोणाचं काही अडत नाही, पण पात्याच्या परीक्षेत तेवढाही फुगवटा टेकडीसारखा दिसतो. परीक्षा तशी साधी. एका टोकाला आरसा. दुसऱ्या टोकाला एक दिवा, त्याच्यापुढे सुईच्या टोकाएवढं भोक पाडलेला पत्रा. आरशाकडून परत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत दाढीचं पातं हळूहळू सरकवायचं आणि पात्यामागे डोळा लावायचा. गुळगुळीत दिसणाऱ्या आरशावर मग उंचवटे आणि खड्डे उमटतात, सकाळच्या तिरप्या उन्हात माळ दिसावा तसे. म्हणून हात लावला की दोन तास. त्याआधी जो पाहील, त्याला नसलेला दोष दिसेल.

आठ इंची आरशाच्या या परीक्षेला पावणेअकरा फूट लागतात आणि मास्तरांची मागची खोली आहे दहा फुटांची. त्यामुळे दिवा आणि पातं उंबरठ्यावर यायचं, पाहणाऱ्याची खुर्ची स्वयंपाकघरात. परीक्षा असेल त्या दिवशी घरात शेगडी पेटवायची नाही, कारण मध्ये गरम हवा आली तर आरसा उकळल्यासारखा दिसतो. मास्तरांची लेक या घरात असल्याच दिवसांवर लहानाची मोठी झालेली. दवाखान्यातली परिचारिकेची सकाळपाळी करून आलेली ती बिचारी थंड पाणी पिऊन बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती.

हे सगळं चाललं होतं ते एका कागदासाठी. जवळच्या शाळेने गच्चीवर सरकत्या छपराची खोली बांधली होती. खोलीत दुर्बीण मावणार एकच. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने नवी कोरी, बटण दाबलं की आपणहून तारा शोधणारी दुर्बीण देऊ केली होती, आणि मास्तरांनी आपली. शाळेच्या मोठ्या बाई मुरलेल्या होत्या, त्यांनी दोघांनाही तोंडावर नाही म्हटलं नाही. जुन्या दुर्बिणीचे गुण-दोष जाणकाराने लिहून द्यावेत, मी वाचून ठरवते, असं त्या म्हणाल्या. जाणकार कोण, तर मास्तरांनी पापणीही न हलवता बारकीचं नाव सांगितलं. आज पाच वाजता मोठ्या बाई कागद न्यायला येणार होत्या.

हे कळलं त्या दिवसापासून बारकीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कारण त्या आरशाची कड बिघडलेली आहे हे ती न तपासताही लिहून देऊ शकली असती. ती तिनेच बिघडवली होती. सव्वीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. आणि सव्वीस वर्षं ती मूग गिळून गप्प बसली होती.

त्या हिवाळ्यात शेपटीवाला तारा येणार होता. मास्तर तेव्हा तंत्रशाळेत लेथ शिकवत आणि उरलेला सगळा वेळ या आरशावर. पाच महिने घासून, पॉलिश करून आरसा पुरा झाला त्या संध्याकाळी ते म्हणाले, "बारके, धुऊन ठेव. सकाळी शेवटचं पाहू आणि मुलामा चढवायला पाठवू." आणि घरात जाऊन झोपले. बारकीने आरसा धुतला. ओली काच हातातून निसटेल म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी कड घट्ट आवळून धरली, तशीच पुसली, तशीच घोडीवर ठेवली. मग तिला राहवेना. आपण एकदा पाहावं, नुसतं पाहावं. तिने दिवा लावला आणि पात्यामागे डोळा नेला.

आरशाची कड उचललेली दिसली.

तिची बोटंच होती ती. बोटांची ऊब. पण एकवीस वर्षांच्या पोरीला वाटलं, मास्तर थकले होते, त्यांच्या नजरेतून सुटलं, आणि आपल्या नजरेने पकडलं. सकाळी मास्तर पाहतील आणि थक्क होतील! तिने पॉलिशची लाल पूड ओली केली आणि अर्धा अंगठा काचेवर, अर्धा बाहेर, असा धरून पाऊण तास कड उतरवत राहिली. पुन्हा पाहिलं तर कड सपाट. ती गाणं गुणगुणत घरी गेली.

सकाळी काच निवली होती. नसलेला उंचवटा घासून काढल्यावर जे उरायचं तेच उरलं होतं: चारी बाजूंनी खाली पडलेली कड. मास्तर पात्यामागे बराच वेळ बसले. तारा नऊ दिवसांवर आला होता, मुलामा चढवायला आठवडा लागायचा. पुन्हा पॉलिश करायला वेळ नव्हता. "पाठवा असाच," ते म्हणाले. "कालच्या शेवटच्या हाताला कड पडली आणि मला दिसली नाही. माझी नजर गेली."

लोकांनी त्या दुर्बिणीतून शेपटीवाला तारा पाहिला, वाहवा केली. ज्यांना कळत होतं ते म्हणाले, मास्तरांच्या दुर्बिणीत प्रतिमा जरा मऊ, पुसट येते. मास्तरांनी हत्यारं पेटीत भरली. पुढच्या आरशासाठी आणलेली दहा इंची काच कापडात गुंडाळून पलंगाखाली सारली. पुढे डोळ्यांची ऑपरेशनं झाली, नजर लख्ख झाली, तरी त्यांनी पुन्हा आरसा केला नाही की पात्यामागे डोळा नेला नाही. बारकीला मात्र चष्म्याच्या दुकानात त्यांनीच चिठ्ठी देऊन चिकटवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, या मुलीच्या हातावर डोळे मिटून भरवसा ठेवा. ती चिठ्ठी मालकाने अजून गल्ल्यात जपून ठेवली आहे, आणि ती दिसली की बारकी नजर दुसरीकडे वळवते.

"नुसती बसू नकोस," मास्तर म्हणाले. "आरसा निवेपर्यंत बाकीचं लिहून काढ. आणि दोष आधी लिही. गुण आधी लिहिले की माणूस दोष लिहिताना हात आखडतो."

बारकीने कागद घेतला. दुर्बीण बाहेरच्या ओसरीत उभी होती, आरसा काढल्यामुळे तळाशी मोकळी. ती तिच्याभोवती फिरली.

"वजन," ती म्हणाली.

"लिही. चार माणसं लागतात. एक चुकार असला तर पाच."

"मुलामा डागाळलाय. सहा वर्षं झाली चढवून. उजेड कमी पडणार."

"लिही."

"आयपीसची नळी ढिली आहे. फोकस जुळवला की घसरते."

डोळा लावायच्या भिंगाची ती नळी मास्तरांनी हात धुण्याच्या बेसिनखालच्या पितळी पाइपातून बनवली होती. एवढ्या वर्षांत तिच्यातून पाणी गळलं नाही हेच नशीब. तारा शोधायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण म्हणजे एका मोडक्या दुहेरी दुर्बिणीचा डावा डोळा. उजवा शेजारच्या शिंप्याकडे होता आणि तो त्यातून पलीकडच्या गल्लीत चाललेल्या भांडणांवर नजर ठेवायचा.

"शोधायची दुर्बीण जरा वाकडी बघते," बारकी म्हणाली.

"डावा डोळा आहे तो. लिही. आता गुण."

गुण लिहायला तिला जड गेलं नाही. नळी लांब, साडेपाच फूट, त्यामुळे आरशाची वक्रता सौम्य आणि साधा आयपीसही चालतो. पत्र्याची नळी आतून काळी केलेली, अजून कुठे पोचा नाही. आणि बैठक. भंगारात गेलेल्या मोटरच्या बेअरिंगांवर फिरणारी ती बैठक बारकीने एका बोटाने ढकलली. दुर्बीण आवाज न करता फिरली आणि बोट काढलं तिथेच थांबली. ना हिसका, ना थरथर. हे नव्या बटणांच्या दुर्बिणीला जमणार नाही हे बारकीला पक्कं ठाऊक होतं. तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं: बैठक उत्कृष्ट.

"आरशाची जागा सोडून ठेव," मास्तर म्हणाले.

तिने चार ओळी कोऱ्या सोडल्या. खोलीत परत येऊन बसली. तीन वाजून पाच मिनिटं.

तिच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याची एक चकती होती. परवा दुकान बंद झाल्यावर कापलेली, बाहेरून आठ इंच, आतून सव्वासात इंचांचं भोक. ही आरशापुढे बसवली की बिघडलेली कड झाकली जाते. आरसा थोडा लहान होतो, पण तारा सुईसारखा टोकदार दिसतो. अशी चकती कापायला माप घ्यावं लागतं म्हणतात. बारकीला स्वतःचा अर्धा अंगठा पुरला. तिचा बेत असा की आरसा परत बसवताना चकती हळूच आत सरकवायची, कागदावर 'कडेचा किरकोळ दोष, झाकला' असं लिहायचं. शाळा दुर्बीण घेईल. मास्तर खूश होतील. कोणाचं काही बिघडणार नाही.

"आज पहिला डोळा मी लावणार," मास्तर म्हणाले.

बारकीने मान वर केली. "तुम्ही?"

"का? डोळे आहेत आता मला. सव्वीस वर्षं झाली. दुर्बीण घराबाहेर जायच्या आधी एकदा बघायचंय, कुठल्या हाताला चुकलो ते."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारण डांबर थापलेल्या थाळीवर आरसा घासून पॉलिश करताना पडलेली कड एकसारखी पडते, आणि अंगठ्याने उतरवलेली कड पडते लाटालाटांनी, अंगठा जिथे जोरात दाबला तिथे खोल, जिथे थकला तिथे उथळ. तेव्हा मास्तरांच्या धुरकट डोळ्यांना तो फरक दिसला नव्हता. आज दिसणार होता. आणि या खोलीत त्या संध्याकाळी अंगठा कोणाचा होता हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

साडेतीन झाले. आरसा घोडीवर गप्प उभा होता. बारकीने मनातल्या मनात हजार वाटा शोधल्या. आरशाला चुकून हात लावावा, म्हणजे पुन्हा दोन तास, आणि तोवर पाच वाजून जातील. दिवा बंद पडला म्हणावं. मालकाचं बोलावणं आलं म्हणावं. तिला स्वतःचीच शिसारी आली. एवढ्या वर्षांनंतरही ती वाट शोधत होती, आणि समोर ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा मुलासारखा घड्याळाकडे बघत होता.

"मास्तर, एक सांगायचंय."

"चार दहानंतर सांग."

"आधी सांगायचंय." तिने हातातला कागद खाली ठेवला. "कड तुमच्या हाताला पडली नाही. मी पाडली."

मास्तर घड्याळाकडेच बघत होते. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून ती घाईघाईने पुढे म्हणाली, "त्या संध्याकाळी तुम्ही झोपायला गेल्यावर मी आरसा धुतला, घोडीवर ठेवला आणि पात्यातून पाहिलं. मला कड उचललेली दिसली. मी अंगठ्याने खाली आणली. पाऊण तास घासत होते."

"धुतल्यावर किती वेळाने पाहिलंस?"

"लगेच."

"लगेच?"

"हो."

"हातात धरून आणलास आणि लगेच पाहिलास?"

"हो मास्तर."

मास्तरांची काठी जमिनीवर आपटली. "अगं, पहिल्या दिवशी शिकवलं होतं! पहिल्या दिवशी! काचेला हात लावायच्या आधी!"

"हो."

बाहेरच्या खोलीतून लेक धावत आली. दारात उभी राहून दोघांकडे बघू लागली. "काय झालं, बाबा? पाणी देऊ का?"

"काही नको." मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आवाज एकदम खाली आला होता, आणि बारकीला तो आरडाओरडा परवडला असता. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथे बसलो होतो. तू कुठे होतीस?"

"तुमच्या मागे. दारात."

"मी काय म्हणालो?"

"मास्तर, जाऊ दे ना—"

"काय म्हणालो मी?"

"माझी नजर गेली, असं म्हणालात."

"आणि तू काय म्हणालीस?"

बारकीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, ही शिस्तही त्यांचीच. "मी म्हटलं, चहा आणू का."

लेकीने तोंडावर हात घेतला. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी किती चहा तिच्या हातचा प्यायला असेल याचा हिशोब ते करत होते की काय कोण जाणे.

"मी जाते," बारकी उठली. "तुम्ही दुसऱ्या कोणाकडून—"

"किती वाजले?"

"तीन पन्नास."

"मग वीस मिनिटं आहेत. बस."

"मास्तर—"

"परीक्षक म्हणून आलीस ना? बस खाली."

ती बसली. अशी वीस मिनिटं शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत. पिशवीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि पुठ्ठ्याची काळी कड बाहेर डोकावत होती. मास्तरांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी काठीने खूण केली. तिने चकती काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. माणूस लेथवर आयुष्य घालवलेला, माप बोटाला कळलं.

"सव्वासात," ते म्हणाले. "कधी कापलीस?"

"परवा."

"म्हणजे मी पहिला डोळा लावतो म्हणालो नसतो, तर ही गुपचूप आत गेली असती."

"हो," बारकी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्यात त्राणच नव्हतं.

त्यांनी चकती मांडीवर ठेवली.

वेळ झाली तशी लेकीने खिडकीवर घोंगडी टाकली आणि बापाला हाताला धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. बारकीने दिवा लावला. पात्याचा स्क्रू फिरवायला ती पुढे झाली तर मास्तरांनी कोपराने तिला बाजूला केलं. त्यांचा उजवा हात हल्ली कापायचा. त्यांनी तो डाव्या हाताने धरला आणि स्क्रू फिरवू लागले. फार वेळ लागला.

"लाटा आहेत कडेला," ते म्हणाले.

"हो."

"चार ठिकाणी खोल. तिथे जोर दिलास."

"हो."

त्यांनी डोळा पात्यामागून हलवला नाही. स्क्रू जरा पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे. बारकीला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आत बघ," शेवटी ते म्हणाले आणि मागे सरले. "मध्यापासून कडेपर्यंत. काय दिसतं सांग मला."

बारकीने डोळे पुसले, आणि आरशापुढे बसलेल्या कोणीही करावं तसं आधी दोन क्षण अंधाराला सरावली. मग पाहिलं. कडेच्या लाटा तिला दिसल्या. पण त्यांच्या आत आरसा करडा, शांत, एकसंध होता. उजेड मध्यापासून बाहेरच्या बाजूला इतका सावकाश बदलत गेला होता की कुठे बदलला ते बोट ठेवून सांगता येऊ नये. टेकडी नाही, खड्डा नाही, थाळीच्या ओरखड्याचं नाव नाही. तिने हजारो भिंगं घासली होती आणि इतरांचे आरसेही पाहिले होते. असा पाहिला नव्हता.

"आत दोष नाही, मास्तर."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. एकही नाही. सव्वासात इंचांपर्यंत जसा हवा अगदी तसा आहे."

स्वयंपाकघरात अंधार होता, त्यामुळे मास्तरांचा चेहरा दिसला नाही. ते बोलले, पण ते तिच्याशी नव्हतं.

"म्हणजे जमलं होतं मला."

लेक रडू लागली. मास्तर रडले नाहीत. त्यांनी आपला कापणारा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. "पलंगाखाली दहा इंची काच आहे," ते म्हणाले. "छप्पन्न वर्षांचा होतो मी. दहा आरसे केले असते, बारके. अजून दहा केले असते."

माफ करा म्हणायला बारकीची जीभ उचलली नाही. तो शब्द एवढासा वाटला.

मोठ्या बाई पाचाला पाच कमी असतानाच आल्या. उंच, चष्म्याला साखळी लावलेली बाई. रडलेले डोळे त्यांनी पाहिले आणि पाहिले नाहीत असं दाखवलं, शाळा चालवणाऱ्याला ते जमावंच लागतं. बारकीने कोऱ्या सोडलेल्या चार ओळी उभ्या उभ्या भरल्या आणि कागद दिला. मोठ्या बाईंनी तो मोठ्याने वाचला, वर्गात वाचावा तसा.

"दोष. वजन फार. मुलामा जुना. आयपीसची नळी ढिली." त्या पुढे सरकल्या. "आरशाच्या कडेचा तीन अष्टमांश इंच रुंद पट्टा सर्व बाजूंनी खाली गेलेला. ही चूक बनवणाऱ्याची नाही. खाली सही करणाऱ्या परीक्षकाने सव्वीस वर्षांपूर्वी काच निवायच्या आधी तपासली, नसलेला दोष काढायला गेली आणि..." त्या थांबल्या. चष्म्यावरून बारकीकडे पाहिलं. "हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय?"

"हो."

"मग तुमच्या कागदावर मी भरवसा कशाला ठेवू?"

बारकीने खाली मान घातली. प्रश्न बरोबरच होता.

"खोटं लिहायचं असतं तर ती ओळ आली नसती," मास्तर खुर्चीतून म्हणाले. ते बारकीकडे बघत नव्हते. "दुर्बीण घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. कागद खरा आहे. पुढचं वाचा."

"आतला सव्वासात इंचांचा आरसा," मोठ्या बाईंनी वाचलं, "उत्तम. यापेक्षा चांगला परीक्षकाच्या पाहण्यात नाही. काळी चकती लावून वापरावा." त्यांनी कागदाची घडी घातली. "नव्या दुर्बिणीबरोबर वीस पानी पुस्तक आलंय. त्यात दोषाचा एक शब्द नाही. बिघडली तर काय बिघडलं ते मला कोण सांगणार? शनिवारी माणसं पाठवते. चार ना?"

"पाच पाठवा," मास्तर म्हणाले.

मोठ्या बाई गेल्या. बारकीने आरसा नळीत बसवला. चकती बसवायची वेळ आली तेव्हा मास्तर काठी टेकत ओसरीत आले आणि ती त्यांनी स्वतः बसवली. कापणाऱ्या हातांनी चार स्क्रू पिळायला पंधरा मिनिटं लागली. एक स्क्रू खाली पडला, बारकी वाकली.

"राहू दे," ते म्हणाले, आणि लेकीने उचलून दिला.

चौथा स्क्रू घट्ट झाल्यावर ते म्हणाले, "काम झालं. आता येत जाऊ नकोस."

"बरं, मास्तर," बारकी म्हणाली आणि चपला घालून निघाली. सव्वीस वर्षांत त्या घरातून ती प्रथमच चहा न विचारता बाहेर पडली.

शनिवारी दुर्बीण शाळेत गेल्याचं तिला कळलं. आठवड्याने शाळेतल्या कोणीतरी दुकानात येऊन सांगितलं की काल दिवस मावळल्या मावळल्या मुलांनी गुरू पाहिला, पट्टे अगदी स्वच्छ दिसले, आणि मास्तर गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. बारकीने विचारलं, बरे आहेत ना? बरे आहेत म्हणाले. त्या दिवशी तिच्याकडून दोन भिंगं वाया गेली.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी, मास्तरांची लेक दुकानात आली. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं एक गाठोडं तिने काउंटरवर ठेवलं आणि हात झटकले.

"बाबांनी पाठवलंय."

"काय म्हणाले, ताई?"

"काही नाही. तुझं नाव काढत नाहीत. सकाळी उठून पलंगाखाली वाकले, मला म्हणाले, हे दुकानात देऊन ये." ती जाता जाता वळली. "जेवतायत नीट. रागावलेत अजून. पण जेवतायत."

बारकीने गाठोडं उचलून मागच्या खोलीत नेलं आणि सोडलं. जुन्या, पिवळ्या पडलेल्या कापडाचे तीन पदर. आत दहा इंची काच, दोन्ही बाजूंनी कोरी, कडेला अजून कारखान्याच्या खडूची खूण. तिने तळहात काचेवर टेकवला. काच थंडगार होती. कापडाच्या शेवटच्या पदरात एक चिठ्ठी होती. ओळ कापत कापत वर चढत गेलेली, पण अक्षर ओळखू येत होतं.

हात लावला की दोन तास.

बाकी काही नाही. वर बारके नाही, खाली सही नाही. बारकीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि काचेवरचा हात झटकन काढून घेतला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. कोऱ्या काचेला थांबायची काही गरज नसते, अजून तिच्यात तपासण्यासारखं काही नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बारके!" बाहेरून मालक ओरडला. "गिऱ्हाईक खोळंबलंय, भिंगं झाली का?"

"एक पंचवीसला देते," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून काचेसमोर बसून राहिली.